आधी पूर्वपक्ष, मग निकाल

२१ एप्रिल १८६८ रोजी ब्रिटिश संसदेत फाशीची शिक्षा साफ रद्द करावी, अशी सूचना चर्चेला आली. जॉन स्टुअर्ट मिल तेव्हा खासदार होता. व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी, आदल्याच वर्षी स्त्रियांच्या मताधिकारासाठी याच सभागृहात भांडलेला माणूस. फाशी रद्द करू पाहणारे एरवी त्याच्याच बाजूचे. मिल उठला आणि फाशी राहू द्या म्हणाला.

त्याचं म्हणणं उथळ नव्हतं. ही शिक्षा अत्यंत निर्घृण खुनापुरतीच ठेवा, एवढंच तो मागत होता, आणि त्याचं कारणही त्याने दयेच्याच पोटातून काढलं होतं. फाशी नको, तर तिच्या जागी काय देणार? जन्मभराची सक्तमजुरी. म्हणजे माणसाला जिवंतपणीच थडग्यात घालायचं आणि तिथे वर्षानुवर्षं जगवायचं. बघणाऱ्याला फाशी अधिक भयंकर वाटते, पण भोगणाऱ्याच्या वाट्याला जन्मठेपेत जास्त दुःख येतं. मग जिचा धाक मोठा आणि यातना कमी, ती शिक्षा क्रूर कशी? जीव घेऊन जिवाची किंमत कशी शिकवणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचाच. त्यावर मिलने उलट विचारलं : गुन्हेगाराला दंड केला म्हणून मालमत्तेचा अनादर होतो का? कैद केलं म्हणून स्वातंत्र्याचा होतो का?

मी फाशीच्या विरोधात आहे. तरी फाशीच्या बाजूचं इतकं सरळ भाषण मला दुसरं माहीत नाही. आणि या विषयावर माझं मत पक्कं झालं ते फाशीविरोधी लिखाणापेक्षा या भाषणामुळे. कारण त्यात मिल एक गोष्ट स्वतःहून कबूल करतो. निरपराध माणूस फासावर गेला तर चूक दुरुस्त करता येत नाही, या आक्षेपाचं वजन तो नाकारत नाही. जिथे तपास आणि न्यायालयाची रीत आरोपीच्या जिवावर उठणारी असेल, तिथे हा आक्षेप अजिंक्य आहे, असं तो म्हणतो. मग पुढे सांगतो, की आपल्याकडे तशी स्थिती नाही. आपले पुराव्याचे नियम उलट आरोपीलाच झुकतं माप देणारे आहेत.

या कबुलीने वादाची जागाच बदलते. जिवाचं मोल, बदला, दया या सगळ्या मोठ्या शब्दांवरून आपण भांडत बसतो. इथे मात्र फाशीचा सर्वोत्तम वकील सांगतो आहे, की आमची बाजू न्यायालयाच्या अचूकपणावर उभी आहे. पोलीस कबुलीजबाब कसे मिळवतात, साक्षीदार किती वेळा चुकीचा माणूस ओळखतात, गरीब आरोपीला वकील कसा मिळतो, हे आता तपासायचं. हे तपासता येतं. हे तपासल्यावर मला मिलची बाजू टिकताना दिसत नाही. पण हे कुठे तपासायचं ते मला मिलनेच दाखवलं.

दोन्ही बाजू मांडण्याची गरज मला दिसते ती इथे. मनाचा मोठेपणा, सभ्यता, सहिष्णुता हे त्याचे फायदे असतील. पण खरं कारण हे, की आरडाओरडा एका ठिकाणी चाललेला असतो आणि वाद अडलेला असतो भलत्याच ठिकाणी. तो कळीचा मुद्दा एका बाजूने कितीही खणलं तरी हाती लागत नाही. समोरच्याचा युक्तिवाद त्याच्याइतक्याच ताकदीने, जमल्यास त्याच्यापेक्षा नीट मांडून पाहिला, की लागतो.

दुसरं उदाहरण खोटं बोलण्याचं. १७९७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने एक छोटा निबंध लिहिला. निमित्त होतं बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाने घेतलेल्या आक्षेपाचं. मित्र तुमच्या घरात लपला आहे, खुनी दारात उभा राहून विचारतो आहे, मित्र कुठे आहे. खोटं बोलावं का? कांट म्हणाला, नाही. हे उत्तर ऐकून लोक हसतात, आणि तिथेच थांबतात. नेमका हाच प्रसंग महाभारताच्या कर्णपर्वात आहे हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, पण तो तिथे का येतो ते बघण्यासारखं आहे. गांडीव दुसऱ्याला दे, असं जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. संतापाच्या भरात युधिष्ठिर तेच बोलतो आणि अर्जुन शब्द पाळायला तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. सदैव सत्य बोलण्याचं व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं पळत येऊन जवळच्या रानात लपली. मागोमाग दरोडेखोर आले, त्यांनी कौशिकाला विचारलं, त्याने खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला.

आता कांटची बाजू, हसू बाजूला ठेवून. तो म्हणतो, समजा तू खोटं बोललास, मित्र घरात नाही म्हणालास, आणि मित्र तेवढ्यात तुझ्या नकळत मागच्या दाराने निसटला असेल. खुनी वळला, रस्त्यावर त्याला मित्र भेटला आणि त्याने त्याला मारलं. आता ते मरण तुझ्या खोट्याच्या खात्यावर. तू खरं बोलला असतास तर पुढे जे घडलं ते खुन्याचं कृत्य होतं. परिणाम आपल्या हातात घेण्याचा आव तू आणलास, तेव्हा परिणामाची जबाबदारीही तुझी झाली. शिवाय कोणाला खरं ऐकण्याचा हक्क आहे आणि कोणाला नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं म्हटलं, तर कुठल्याच शब्दावर, कुठल्याच करारावर विसंबता येणार नाही.

असं मांडलं की कळीचा मुद्दा दिसतो. खरं बोलावं की खोटं, हा वाद इथे नाहीच. माझ्या तोंडून निघालेल्या माहितीचा दुसऱ्याने जो वापर केला, त्याला मी किती जबाबदार, हा आहे. कांट म्हणतो, खरं बोललास तर तू जबाबदार नाहीस. कृष्ण म्हणतो, आहेस. व्रत पाळलंस म्हणून सुटका नाही. माझा कौल निःसंशय कृष्णाच्या बाजूने. समोर सुरा घेऊन माणूस उभा असताना स्वतःच्या व्रताची राखण करत बसणं, ही मला आत्मपूजा वाटते.

पण कांट वाया गेला असं नाही. आजाऱ्याला त्याच्याच आजाराचं नाव न सांगणारे नातेवाईक घ्या. डॉक्टर बाहेर व्हरांड्यात मुलाला सगळं सांगतात, आत जाऊन रुग्णाला म्हणतात, काही नाही, थोडी सूज आहे. सगळे प्रेमापोटी खोटं बोलत असतात. त्या माणसाचे उरलेले महिने त्याच्या नकळत दुसरेच कोणी वाटून टाकतात. कोणाला भेटायचं, कोणाला माफ करायचं, कागदांवर कधी सह्या करायच्या, हे ठरवण्याची संधी त्याच्या हातून जाते. इथे खुनी कोणी नाही, आणि खरं ऐकण्याचा सगळ्यात मोठा हक्क ज्याचा, त्यालाच ते नाकारलं जातं आहे. कौशिकाची गोष्ट इथे लागू करणाऱ्याने आधी कांटला उत्तर द्यायला हवं : परिणाम तू हातात घेतलास, तर या हरवलेल्या महिन्यांची जबाबदारी घेतोस का? इथे मी कांटच्या बाजूला आहे. दोन प्रसंगांतला हा फरक मला कांटचा युक्तिवाद पूर्ण ऐकल्यावरच दिसला.

आपल्या दर्शनांमध्ये ही शिस्त ग्रंथरचनेतच रुजलेली आहे. मीमांसा आणि वेदान्तातली अधिकरणाची, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेची, पद्धत पाहा : आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि त्यानंतर सिद्धान्त. प्रतिपक्षाचं म्हणणं मांडल्याशिवाय स्वतःच्या निर्णयापर्यंत जाण्याची वाटच नाही. न्यायसूत्रांनी तर चर्चेचेच प्रकार पाडले. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी, शब्दच्छल आणि फसवे आक्षेप चालवून घेत केला जातो तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता केवळ समोरच्याची खोडत राहायची, ती वितंडा. तेराव्या शतकात युरोपात थॉमस अक्वायनसही त्याच रीतीने लिहीत होता : प्रश्न, मग आपल्या मताविरुद्धचे आक्षेप क्रमाने, मग उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचं निरसन. ईश्वर आहे का, या प्रश्नाची त्याची चर्चा सुरू होते ती ईश्वर नाही असं सुचवणाऱ्या आक्षेपांनी, आणि त्यातला पहिला आक्षेप जगातल्या दुष्टाव्याचा. आजही नास्तिकांना याहून जोरकस आक्षेप सापडलेला नाही.

चार्वाकांच्या बाबतीत ही पद्धत किती काम करते आणि कुठे फसते, दोन्ही एकदमच दिसतं. त्यांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे नष्ट झाले. त्यांचं म्हणणं आपल्याला आज माहीत आहे ते मुख्यतः विरोधकांनी पूर्वपक्ष म्हणून लिहून ठेवल्यामुळे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह चार्वाकापासूनच सुरू होतो. श्राद्धात दिलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधून घ्यावी, हा त्यांचा बिनतोड सवाल त्यांच्या विरोधकाच्या पुस्तकात जिवंत राहिला. विरोधकांनी पूर्वपक्ष मांडलाच नसता तर एक अख्खं दर्शन पुसलं गेलं असतं. पण त्याच पुस्तकांतून ‘ऋण काढून तूप प्या’ म्हणणारा सुखलोलुप चार्वाकही आपल्या गळी उतरला, आणि ते चित्र खरं किती, हे सांगायला आज कोणी चार्वाक उरलेला नाही. म्हणून पूर्वपक्षाची कसोटी माझ्या मते एकच : ज्याची बाजू मांडली आहे त्याने ती ऐकून ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हटलं पाहिजे. मिलने १८५९ मध्येच हे लिहून ठेवलं. विरोधकांचे युक्तिवाद आपल्याच गुरुजींच्या तोंडून, त्यांच्या उत्तरांसकट ऐकणं पुरेसं नाही. ज्यांचा त्यांवर खरोखर विश्वास आहे आणि जे त्यांसाठी जिवापाड भांडतात त्यांच्याकडूनच ते ऐकायला हवेत.

यावर कोणी म्हणेल, मी मुळात निःपक्षपातीच आहे, मला या कसरतीची गरज नाही. या समजुतीची परीक्षा झालेली आहे, आणि योगायोग असा की तीही फाशीच्याच प्रश्नावर. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी ४८ विद्यार्थी निवडले, निम्मे फाशीचे कट्टर समर्थक आणि निम्मे कट्टर विरोधक. प्रत्येकाला दोन संशोधनं वाचायला दिली : एकात फाशीने खून कमी होतात असा निष्कर्ष, दुसऱ्यात होत नाहीत असा. दोन्ही संशोधनं प्रयोगासाठी रचलेली होती. पद्धती दोन होत्या, आणि कुठल्या पद्धतीने कुठला निष्कर्ष निघाला हे आलटून पालटून ठेवलेलं होतं, म्हणजे पद्धतीच्या गुणदोषावर खापर फोडता येऊ नये. झालं काय? आपल्या मताला धरून असलेलं संशोधन प्रत्येकाला भक्कम वाटलं, विरोधी संशोधनात मात्र शेकडो त्रुटी दिसल्या. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचून उठताना समर्थक अधिक कट्टर समर्थक आणि विरोधक अधिक कट्टर विरोधक झाले होते.

पाच वर्षांनी त्यांच्यापैकी दोघांनी आणखी एका सहकाऱ्यासोबत हाच प्रयोग थोडा बदलून केला. एका गटाला बजावलं, की न्यायाधीशासारखे पूर्ण निःपक्षपातीपणे वाचा. या सूचनेचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं, की प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा : नेमक्या याच संशोधनातून उलटा निष्कर्ष निघाला असता, तर मी त्याच्या पद्धतीला हेच गुण दिले असते का? या गटात तो कल नाहीसा झाला. निःपक्षपाती राहीन असा निश्चय करून माणूस निःपक्षपाती होत नाही. त्यासाठी एक ठरावीक कृती करावी लागते, पान उलटून समोरच्या बाजूने वाचावं लागतं. मला हा निष्कर्ष नम्र करणारा वाटतो आणि दिलासा देणाराही, कारण कृती शिकवता येते.

आता याविरुद्धचा पूर्वपक्ष, कारण तो फार जुना आहे आणि फार बळकट आहे. इ.स.पूर्व १५५ मध्ये अथेन्सने तीन तत्त्ववेत्त्यांचं शिष्टमंडळ रोमला पाठवलं. त्यात कार्नेआडीझ होता. परंपरा सांगते, की त्याने एके दिवशी न्यायाच्या बाजूने भाषण केलं आणि रोमची तरुण मंडळी भारावून गेली. दुसऱ्या दिवशी त्याने तितक्याच सफाईने न्यायाविरुद्ध भाषण करून आदल्या दिवसाचं सगळं उलथून टाकलं. न्यायाने वागायचं ठरवलंत, तर जिंकलेलं सगळं परत देऊन तुम्हा रोमनांना पुन्हा झोपड्यांत जावं लागेल, असं तो म्हणाला. जुन्या वळणाच्या वृद्ध सेनेटर केटोने सेनेटला सांगितलं, या लोकांचं काम लवकर उरका आणि यांना परत पाठवा.

केटोला प्रतिगामी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण त्याची भीती नीट ऐकावी. ज्याला प्रत्येक गोष्टीची दोन्ही बाजूंनी वकिली करता येते, त्याला कुठल्याच गोष्टीसाठी उभं राहता येणार नाही. सद्वर्तन हे युक्तिवादाने आलेलं नसतं. ते घरात, सवयीने, मोठ्यांना बघून आलेलं असतं, आणि युक्तिवादाच्या माऱ्यात ते टिकेलच असं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला चिठ्ठी काढून विषय द्यायचा, आज बाजूने आणि उद्या विरुद्ध बोलायला लावायचं आणि टाळ्यांवर बक्षीस द्यायचं, यातून सत्यशोधक तयार होतात की शब्दांचे भाडोत्री शिपाई? हे मला टाळता येत नाही. वक्तृत्व स्पर्धांमध्ये वाद क्वचित आणि जल्प पुष्कळ असतो, हे केटोचं निदान मान्य करायला हवं.

तरीही त्याचा उपाय चुकतो. कार्नेआडीझला परत पाठवून रोमसमोरचा प्रश्न परत गेला नाही. ‘जिंकलेलं परत द्या’ हा सवाल केटोच्या सदाचाराने विचारलाच नसता, कारण त्या सदाचारात जिंकणं हेच पुण्य होतं. सवयीने आलेली नीती ज्या जागी आंधळी असते तिथे ती किती आंधळी आहे हे तिला आतून कळत नाही. स्पर्धेतला दोष वेगळ्या ठिकाणी आहे : तिथे दोन्ही बाजू मांडून झाल्यावर वक्त्याला कोणी विचारत नाही, की बाबा, आता तुझं मत काय, आणि कशामुळे? अधिकरणातला सिद्धान्तच तिथे गाळलेला असतो.

दोन बाजू मांडण्याचा दुरुपयोग केटोला ठाऊक होता त्याहून मोठा आहे, आणि तो दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा वस्तुस्थितीच्या प्रश्नांची. १९५० च्या दशकात सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर अमेरिकेतल्या कंपन्यांनी थेट नकार देण्यापेक्षा ‘दुसरी बाजूही आहे’ असं म्हणत राहण्याचा मार्ग धरला. १९६९ सालच्या त्यांच्यातल्याच एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिलं आहे, की शंका हाच आपला माल आहे. वर्तमानपत्रांनी समतोलाच्या नावाखाली हा माल घरोघर पोचवला. धुराने कर्करोग होतो का, याला मोजून उत्तर मिळतं. ते मिळाल्यावर दोन्ही बाजूंना समान जागा देणं हा वाचकाशी केलेला दगा आहे. प्रौढ माणसाला स्वतःचं नुकसान करून घेण्याचा हक्क आहे का, हा मात्र आजही दोन बाजूंचा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची सरमिसळ करणारे दोघेही चुकतात, सगळंच सिद्ध झालं म्हणणारे आणि सगळंच वादग्रस्त म्हणणारे.

दुसरी तऱ्हा अधिक वेदनादायक आहे. १५५० आणि १५५१ मध्ये स्पेनच्या वाय्यादोलिद शहरात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आज्ञेने एक वाद भरला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर आधी युद्ध करून मग त्यांना ख्रिस्ती करणं न्याय्य आहे का? सेपुल्वेदा हा स्पॅनिश विद्वान म्हणाला, आहे. काही माणसं जन्मतःच गुलामगिरीच्या योग्यतेची असतात, हे अ‍ॅरिस्टॉटलचं मत त्याचा आधार. आणि त्याचा सर्वांत अवघड युक्तिवाद असा : हे लोक नरबळी देतात, त्या निरपराध बळींना वाचवायला शस्त्र उचलणं हे कर्तव्य नाही का? दुसऱ्या बाजूला धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास. त्याने आपलं प्रदीर्घ उत्तर दिवसच्या दिवस वाचून दाखवलं. पंचांनी स्पष्ट निकाल असा दिलाच नाही, आणि दोन्ही पक्ष आपणच जिंकलो म्हणत घरी गेले.

ज्यांच्या माणूसपणावर ही चर्चा झाली त्यांच्यातला एकही जण तिथे बोलायला नव्हता. नुसत्या दोन बाजू मांडल्या गेल्याने न्याय होत नाही, हे मी या प्रसंगावरून मानतो. लास कासास थोर माणूस होता, तरीही मूळ रहिवाशांचे हाल कमी व्हावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना त्याने तरुणपणी केली होती. पुढे त्याला तिचा पश्चात्ताप झाला. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्या सज्जनाची नजरही अशी एका कोपऱ्यात पोचत नाही.

म्हणून काहींचं म्हणणं असतं, की माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न चर्चेलाच घेऊ नये. पूर्वपक्ष मांडणं हाच अपमान. या भावनेचा मी आदर करतो. ज्याचं माणूसपण पणाला लावलं जातं त्याच्यावर ‘शांतपणे वाद घाल’ अशी सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्याने स्वतःहून वाद घालायचं ठरवलं तर काय घडतं, त्याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, भाषणातला मजकूर वाचून कच खाल्ली, आणि ते अधिवेशन झालंच नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींचं ते लिखाण पुस्तकाच्या शेवटी जोडलं आणि त्यापुढे आपलं उत्तर दिलं. प्रतिपक्षाचे शब्द प्रतिपक्षाच्याच लेखणीतले. सारांश नाही, विडंबन नाही. उत्तर घणाघाती आहे, पण ज्याला उत्तर दिलं तो मजकूर वाचकाच्या हातात आहे; ताडून पाहायला तो मोकळा आहे. वाय्यादोलिदमध्ये ज्या माणसाला आत घेतलं नव्हतं, तो इथे स्वतः लेखणी घेऊन बसला आहे. पूर्वपक्षाची परंपरा ज्या समाजाच्या मालकीची समजली जायची त्याच समाजाने ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्यातल्या एकाने ती पाळली, आणि मला तरी आधुनिक काळात ती याहून चोख कोणी पाळलेली दिसत नाही.

बाबासाहेबांच्या त्या पुस्तकात एक गोष्ट नाही : ‘शेवटी दोन्हींत तथ्य आहे’ असं वाक्य. दोन्ही बाजू मांडायच्या त्या निकाल देण्यासाठी. नुसत्या मांडून हात झटकणारा माणूस समंजस दिसतो, पण त्याने जोखमीचं काम दुसऱ्यावर ढकललेलं असतं. आणि निकाल दिल्यावर तो बदलायची तयारीही त्यातच येते. धावत्या ट्रॉलीखाली पाच माणसं मरणार असतील तर ती एका माणसाच्या अंगावर वळवावी का, हा प्रश्न तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडला. बाजूला उभ्या असलेल्या त्रयस्थाला खटका ओढून ट्रॉली वळवण्याची मुभा आहे, असं दुसऱ्या तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन अनेक वर्षं मानत होत्या. २००८ मध्ये, ऐंशी गाठत आल्यावर, त्यांनी लिहिलं, की नाही, तशी मुभा नाही. स्वतःला त्या खटक्यापाशी उभं करून पाहिलं आणि विचारलं, की पाचांचे प्राण वाचवण्याचा खर्च मी स्वतः सोसायला तयार नसेन, तर तो त्या परक्या माणसावर लादण्याचा मला काय अधिकार? मला त्यांचा जुना निकाल अजूनही अधिक पटतो. पण त्यांच्या या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलेलो नाही, हेही तितकंच खरं.

फाशीच्या बाबतीतही माझा निकाल असाच एका अनुत्तरित आक्षेपासकट उभा आहे. न्यायालयं चुकतात, म्हणून फाशी नको, हे मी मिलकडूनच घेतलं. १७६४ मध्ये इटालियन विचारवंत बेकारियाने फाशीविरुद्ध लिहिलं, तेव्हापासून धाकाचा युक्तिवादही फारसा टिकलेला नाही. उरतो तो कांट. तो म्हणतो, एखाद्या बेटावरच्या समाजाने विसर्जित होऊन जगभर पांगायचं ठरवलं, तरी निघण्यापूर्वी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी द्यायलाच हवी. नाहीतर त्या रक्तात सगळ्यांचाच वाटा राहील. इथे धाक बसवायला कोणी उरलेलं नाही, आणि न्यायालय चुकण्याचा प्रश्नही कांटने बाजूला ठेवला आहे : गुन्हा निर्विवाद सिद्ध झालेला आहे असं धरायचं. मग मेलेल्याचं देणं कोणी फेडायचं? ज्याचा खून झाला त्याच्या वतीने मागणी करणारा तो स्वतः हयात नाही, आणि खुन्याचा जीव वाचवताना आपण त्या मेलेल्या माणसाच्या वतीने क्षमा करतो आहोत. तो अधिकार आपल्याला कोणी दिला? मी फाशीच्या विरोधातच मत देईन. पण ज्या आईचं मूल मारलं गेलं तिने मला हा प्रश्न विचारला, तर न्यायालयाच्या चुकांचं माझं उत्तर तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे तिला सांगणं मला भाग आहे.